बिडाच्या कास्टिंगवरचा पहिला खरा पृष्ठभाग

छोट्या वाफेच्या इंजिनाचं सिलिंडर घरच्या लेथवर करायला घेतलं, की पहिला प्रश्न पडतो तो माप कुठून घ्यायचं हा. फाउंड्रीतून आलेल्या बिडाच्या कास्टिंगला सरळ अशी एकही बाजू नसते. वाळूतून नमुना अलगद निघावा म्हणून बाजूंना मुद्दाम उतार दिलेला असतो, आणि भोकासाठी ठेवलेला वाळूचा गाभा बहुधा थोडा सरकलेला असतो. जादा माल असतो तो जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. तो एका अंगाला उधळला, तर दुसऱ्या अंगाला माप भरत नाही. म्हणून लेथ सुरू करण्याआधी भोकात लाकडाचा तुकडा घट्ट बसवायचा, त्यावर केंद्र काढायचं आणि तिथून सगळीकडे किती माल उरतो ते पाहायचं. मला या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे मार्किंगच.

पहिला कट मात्र धीटपणे घ्यावा लागतो. ओतलेलं बीड वाळूला टेकतं तिथे लवकर थंड होतं. कार्बनला ग्राफाइट होऊन वेगळं व्हायला वेळ मिळत नाही, तो लोखंडाशी संयोग पावून अतिशय कठीण कार्बाइड तयार करतो. त्यातच वाळूचे कण चिकटलेले. टूल या कवचावर नुसतं घासत राहिलं तर त्याची धार लगेच जाते; टोक कवचाच्या खाली, मऊ बिडात पोचलं पाहिजे. पातळ कडा फारच टणक निघाल्या, तर कास्टिंग लाल तापवून सावकाश निवू द्यावं. कार्बाइड फुटून त्याचं ग्राफाइट होतं. आतलं बीड मग सुरेख कापतं, तेलही लागत नाही, कारण ग्राफाइट स्वतःच वंगण आहे.

आता मुख्य भोक. इथे लहान इंजिन मोठ्यापेक्षा जास्त काटेकोर असावं लागतं! पिस्टनभोवती सगळीकडे 0.05 मिलिमीटर फट राहिली, तर 19 मिलिमीटरच्या भोकात ती पिस्टनच्या क्षेत्रफळाच्या सुमारे 1 टक्का होते. 500 मिलिमीटरच्या सिलिंडरात तीच फट 0.04 टक्के.

एका बाजूने धरलेला बोरिंग बार (भोक कापणारं टूल धरणारा दांडा) कापताना वाकतो, आणि बाहेर आलेली लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराने तो आठपट वाकतो. त्यावर उपाय म्हणजे बार दोन्ही टोकांना सेंटरमध्ये (लेथच्या टोकदार आधारांत) धरायचा, सिलिंडर लेथच्या सॅडलवर (सरकत्या भागावर) बांधायचा आणि फिरत्या बारवरून तो सरकवायचा. टूलची त्रिज्या ठरलेली, त्यामुळे भोक एका टोकाला अरुंद होऊच शकत नाही. 1770च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सनने दोन्ही टोकांना आधार दिलेल्या बारनेच जेम्स वॉटच्या इंजिनांची सिलिंडरं बोर केली. त्याआधी वॉटचं इंजिन वर्षानुवर्षं अडलं होतं, कारण पिस्टन वाफ धरत नव्हता.

चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) बोर केलं, तर त्याच पकडीत एक टोकही फेस करून, म्हणजे सपाट कापून, घ्यावं. काम सोडून पुन्हा पकडलं, की काटकोनाची खात्री गेली. दुसरं टोक मग भोकात मँड्रेल (घट्ट बसणारा दांडा) बसवून, आणि व्हॉल्व्हची, म्हणजे वाफेच्या सरकत्या झडपेची, बाजू फेस केलेलं टोक अँगल प्लेटला (काटकोनी आधाराला) बांधून. झाकणं, गाईड, क्रँकचं अंतर, सगळं या भोकावरूनच मोजायचं.

व्हॉल्व्ह सरकतो त्या बाजूला टूलचे ओरखडे राहता कामा नयेत. सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाट्यावर) निळा रंग पुसटसा लावून त्यावर ही बाजू टेकवली, की उंचवटे निळे दिसतात. तेवढेच स्क्रेपरने खरवडायचे, पुन्हा टेकवायचं. व्हॉल्व्हभोवतीच्या चेंबरमधली वाफ त्याला मागून दाबून धरते, त्यामुळे दोन्ही पृष्ठभाग सपाट असले तर वेगळं पॅकिंग लागत नाही. काचेवर एमरी पेपर ठेवून घासलं तरी जमतं, पण तिथे हात डुलला की कडा गोल होतात, आणि वाफ पहिल्यांदा निसटते ती कडेनेच.