सॅटर्न-५ च्या नॉझलखालचा काळा पट्टा

माणसाला चंद्राकडे नेणारं सॅटर्न-५ रॉकेट उडतानाची जुनी चित्रफीत सावकाश फिरवून पाहा. नॉझलच्या, म्हणजे इंजिनाच्या घंटेसारख्या तोटीच्या, तोंडाशी ज्वाळा काळपट दिसते, आणि डोळे दिपवणारा लोळ त्याच्या बराच खाली सुरू होतो. हा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे.

पहिल्या टप्प्यात एफ-१ जातीची पाच इंजिनं होती. एकाचा रेटा सुमारे ६९० टन, नॉझलचं तोंड ३.७ मीटर रुंद. इंधन म्हणजे खास शुद्ध केलेलं रॉकेल, जोडीला उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन. एक इंजिन सेकंदाला दोन्ही मिळून अडीच हजार लिटर गिळायचं. पाचांपुढे दहा हजार लिटरचा टँकर सेकंदभरही टिकला नसता. एवढा पुरवठा करायला प्रत्येक इंजिनावर ५५ हजार अश्वशक्तीचा टर्बोपंप, म्हणजे टर्बाइनने फिरणारा पंप. त्याच्या एकाच दांड्यावर एका टोकाला गोठवणारा ऑक्सिजन, दुसऱ्या टोकाला आठशे अंशांच्या वायूने फिरणारं टर्बाइन आणि मध्ये रॉकेलचा पंप. बेअरिंगना वंगणही रॉकेलचंच. मधली सील गळली आणि ऑक्सिजन रॉकेलला भेटला की स्फोट ठरलेला.

टर्बाइन फिरवणारा वायू वेगळ्या छोट्या भट्टीत तयार होई. तिथे रॉकेल जाणूनबुजून जास्त सोडत, म्हणजे तापमान आवाक्यात राहतं, पण काजळी भरपूर होते. मुख्य ज्वलनकक्षात तीन हजार अंशांवर जाळ. तिथली भिंत म्हणजे शेजारी शेजारी डाखलेल्या नळ्या: १७८ मुख्य नळ्या, निम्म्यांतून रॉकेल खाली जायचं, निम्म्यांतून वर यायचं, आणि भिंत थंड करून मगच जळायला निघायचं. नॉझलच्या खालच्या भागाला मात्र या नळ्या नव्हत्या. तिथे टर्बाइनमधून बाहेर पडलेला तोच काजळीचा वायू आतल्या बाजूने फटींतून सोडत. आठशे अंशांचा वायू तिथे गारवा देणारा ठरायचा! काळा पट्टा तो हाच.

खरी डोकेदुखी होती अस्थिर ज्वलनाची. रॉकेल आणि ऑक्सिजन कक्षात फवारणाऱ्या इंजेक्टरच्या जवळपास एक मीटर व्यासाच्या तबकडीखाली दाबाच्या लाटा गरगर फिरू लागत आणि तबकडीच वितळवून टाकत. २८ जून १९६२ रोजी चाचणीत एक अख्खं इंजिन असंच गेलं. गणिताने हे सुटेना. मग अभियंत्यांनी चालू इंजिनात छोटे बॉम्ब फोडायला सुरुवात केली. लाट आपण होऊन उठेल तेव्हा उठेल, त्यापेक्षा आपणच उठवायची आणि किती वेळात विरते ते मोजायचं. तबकडीवर तांब्याच्या आडभिंती घालून १३ खण केले, इंजेक्टरच्या भोकांचे कोन आणि मापं बदलली. सुमारे दोन हजार चाचण्यांनंतर मुद्दाम उठवलेली लाट सेकंदाच्या दहाव्या भागात विरू लागली. १९६७ ते १९७३ या काळातल्या १३ उड्डाणांत ६५ इंजिनं वापरली गेली, एकही बिघडलं नाही.

या इंजिनाचा जनक म्हणून जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या वेर्नर फॉन ब्राउन या रॉकेटतज्ज्ञाचं नाव सर्रास घेतलं जातं. ते चूक आहे. एफ-१ रॉकेटडाइन कंपनीच्या अभियंत्यांचं. ब्राउन अख्ख्या सॅटर्न-५ चा सूत्रधार. पण वारसा तपासायचाच तर इंजिनातही सापडतो. रॉकेटडाइनच्या लोकांनी मोठ्या इंजिनांचे धडे ब्राउनच्याच चमूने दुसऱ्या महायुद्धात बनवलेलं जर्मन क्षेपणास्त्र व्ही-२ उलगडून गिरवले होते. त्याच्या इंजिनाचा रेटा जेमतेम २५ टन, पण टर्बोपंप होता, आणि भिंतीच्या भोकांतून अल्कोहोल झिरपवून थंडावा देण्याची युक्तीही होती.

ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिशांनी पेनेम्युंडवर, व्ही-२ च्या संशोधन केंद्रावर, बॉम्ब टाकले. व्ही-२ चं इंजिन घडवणारा वॉल्टर थील त्यात मेला आणि उत्पादन नॉर्डहाउजेनजवळच्या डोंगरातल्या बोगद्यांत हललं. खोदायला आणि जोडणीला डोरा छळछावणीचे कैदी. पहिले काही महिने ते त्याच धुळीत, पाण्यावाचून, बोगद्यातच झोपत. सुमारे ६० हजार कैदी या छावण्यांतून गेले, अंदाजे २० हजार मेले. व्ही-२ पडून जितकी माणसं मेली, त्याहून जास्त ती बनवताना मेली.

ब्राउन १९३७ पासून नाझी पक्षात होता, १९४० पासून एसएस या नाझींच्या निमलष्करी दलात. बोगद्यात त्याचं जाणं-येणं होतं. १५ ऑगस्ट १९४४ च्या पत्रात तर कुशल कैदी निवडायला आपण स्वतः बुखेनवाल्डच्या छळछावणीत गेल्याचं त्याने लिहिलंय. त्याच वर्षी गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला सुमारे दोन आठवडे डांबलं होतं. हे त्याचे समर्थक नेहमी पुढे करतात, पण त्याने पत्र पुसलं जात नाही. शिवाय अटक मार्चमधली, पत्र ऑगस्टमधलं.

बोगद्यातल्या उत्पादनाचा प्रमुख आर्थर रुडॉल्फ पुढे नासात सॅटर्न-५ चा कार्यक्रम व्यवस्थापक झाला. अमेरिकी न्याय खात्याने त्याचे कागद उघडले तेव्हा १९८४ मध्ये नागरिकत्व सोडून तो जर्मनीला परतला. ब्राउन १९७७ मध्येच वारला होता. त्याच्यावर खटला कधी चालला नाही.