घरी राईट केलेली सीडी इतकी रडतखडत का चालते, त्यामागची गोष्ट

गोव्यात 2000 ते 2010 च्या दरम्यान ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आला (सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना मिळालेले पण त्यातच धरा) त्यांच्या कपाटात एक तरी चेनवाला सीडी पाऊच असतोच. आत लग्नाची व्हीसीडी, चवथीचे फोटो, जत्रेतल्या नाटकाचं शूटिंग, कोणाच्या तरी भजनाचं रेकॉर्डिंग, वर मार्करने "आई-बाबा 25 वी" वगैरे लिहिलेलं. आता ती डिस्क लावली की ड्राइव्ह घुंई करून वेग घेतो, मधेच थांबतो, परत जोर लावतो, विंडो पांढरी पडते आणि बऱ्याच वेळाने निम्मे फोटो दिसतात. मग ठरलेलं निदान, "ड्राइव्ह गेला" नाहीतर "पावसाने खाल्ली". दोन्ही कधीकधी खरं असतं, पण मुळात ही डिस्क बनली कशी ते बघितलं तर ती हळू का होते हे जास्त नीट कळतं.

सुरुवात गाण्यांपासून. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून सीडी बनवली, 1982 ला ती बाजारात आली आणि ती फक्त संगीतासाठी होती. कारखान्यात साच्यातून दाबून काढलेलं प्लॅस्टिक, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लाखेचा थर, बस. तेव्हाच या लोकांनी धरून चाललेलं होतं की डिस्कवर ओरखडे पडणार, बोटांचे ठसे लागणार, म्हणून रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी 1960 मध्ये मांडलेली चूक-दुरुस्तीची पद्धत त्यात घातली आणि डेटा सलग न ठेवता दूरदूर विखरून लिहिला. त्यामुळे ट्रॅकच्या (डेटा लिहिलेल्या गोल रेषेच्या) दिशेने साधारण अडीच मिलिमीटरचा पट्टा वाचलाच नाही तरी तो पूर्ण भरून काढता येतो, आणि त्याहून जास्त गेलं तर प्लेयर आजूबाजूच्या आवाजावरून अंदाज करून भोक बुजवतो, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. चांगल्या नव्या डिस्कमध्ये पण दर सेकंदाला चुका होतच असतात, ठरलेल्या मानकात तर सेकंदाला 220 चुकीचे ब्लॉक (डेटाचे बारके तुकडे) चालतात असं धरलंय! फक्त त्या आतल्या आत दुरुस्त होतात आणि तुम्हाला दिसत नाहीत. म्हणजे डिस्क वर्षानुवर्षं खराब होत असते आणि तरी फाइल झक्कास उघडते, आणि ज्या दिवशी हळू चालायला लागते त्या दिवशी हा सगळा राखीव साठा संपत आलेला असतो.

गाण्यात अंदाज चालतो, एक्सेल फाइलमध्ये नाही चालत. म्हणून कॉम्प्युटरच्या डेटासाठी सीडी-रॉम आली तेव्हा प्रत्येक 2352 बाइटच्या सेक्टरमध्ये (डिस्कवरचा एकेक कप्पा) 2048 च बाइट आपल्या डेटाला दिले आणि उरलेल्यातले 276 अजून एका दुरुस्तीच्या थराला. गंमत म्हणजे 1993 ला व्हीसीडीचं मानक आलं त्यात हा जादाचा थर काढून टाकला, कारण व्हिडिओत दोन ठिपके चुकले तर काय बिघडतं, त्यापेक्षा जास्त मिनिटं बसू देत. म्हणून एकाच दिवशी एकाच बंडलमधल्या डिस्कवर मारलेली लग्नाची व्हीसीडी चौकोन चौकोन दाखवत का होईना पुढे सरकते आणि फोटोंची डेटा सीडी मात्र एका जागी अडकून सरळ एरर देते. व्हीसीडी जास्त टणक वगैरे नसते, तिला चुका चालतात एवढंच.

आता घरी लिहायची डिस्क, म्हणजे सीडी-आर. दाबून काढलेल्या सीडीत खरेखुरे खड्डे असतात. घरी खड्डे पाडणार कसे? जपानच्या तायो युडेन कंपनीने 1988 मध्ये रस्ता काढला, प्लॅस्टिक आणि धातूच्या मध्ये रंगाचा थर द्यायचा आणि लेसरने तो जागोजागी जाळायचा, म्हणजे वाचणाऱ्या ड्राइव्हला तिथे खड्डा असल्यासारखं वाटतं. 1990 ला याचं मानक ठरलं, ऑरेंज बुक. 1995 च्या सुमारास एचपीचा रायटर हजार डॉलरच्या आत आला आणि मग किमती कोसळत गेल्या. पण मूळ तडजोड तीच राहिली, खड्ड्यांसाठी बनवलेल्या ड्राइव्हला रंगाचा डाग दाखवून खड्डा म्हणून पटवायचं. नवी असताना पटतं. रंग उडत जातो तसं डागाची कड धूसर होते आणि ड्राइव्हला परत परत बघावं लागतं. हे परत परत बघणं म्हणजेच तुमच्यासमोरचं "स्लो". सेक्टर वाचला नाही की ड्राइव्ह परत प्रयत्न करतो, मग वेग कमी करून परत, मग अजून कमी, आणि त्या वेळात विंडोज बिचारं गप्प बसून असतं.

रंग तीन प्रकारचे आले. सायनिन हा पहिला, हिरवट निळसर, उजेडाला नाजूक, नंतर सुधारला. मित्सुईचा थॅलोसायनिन, फिकट, जवळजवळ रंग नसल्यासारखा, टिकाऊ मानला जातो. आणि मित्सुबिशीचा अझो, गर्द निळा. पण पाऊचमधल्या डिस्कचा रंग बघून आयुष्य ठरवायला जाऊ नका, थर किती नीट दिलाय आणि कडेला लाख किती नीट बसलीय यावर जास्त असतं. आपल्याकडे 1999 नंतर मोजर बेअर कंपनी नोएडाकडे डिस्क काढायला लागली, जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली, 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्याच काळात नाव नसलेल्या, नुसत्या प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या शंभराच्या गड्ड्या पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून पणजीच्या दुकानांपर्यंत सगळीकडे मिळायच्या, आणि आज जे रडतायत त्यात त्यांचा भरणा मोठा असणार असं माझं मत.

मग स्पीडची शर्यत. 1x म्हणजे सेकंदाला 150 केबी, गाण्याचा वेग. काही वर्षांत 52x वर गेले, म्हणजे डिस्क मिनिटाला साधारण 10,000 फेरे, आणि तो 52x पण फक्त बाहेरच्या कडेला, आतल्या बाजूला त्याच्या निम्म्याहून कमी. आधी बर्न करताना (डिस्क लिहिताना) मधे डेटा कमी पडला की डिस्क वाया जायची, 2000 मध्ये सान्योने बर्न-प्रूफ आणलं आणि ती कटकट संपली. लिहायच्या आधी रायटर डिस्कच्या अगदी आतल्या भागात लेसरची ताकद तपासून घेतो आणि डिस्कवरचा उत्पादकाचा कोड वाचून ठरवतो कसं लिहायचं, कोड ओळखीचा नसला तर आपलं ढोबळ काहीतरी. म्हणून एकाच्या रायटरवर मारलेली डिस्क दुसऱ्याकडे घेत नाही. "कायम सगळ्यात कमी स्पीडला मारा" हा सल्ला तेव्हा जो तो द्यायचा, तो पण अर्धवटच, वेगवान लिहिण्यासाठी बनवलेल्या डिस्कवर फार हळू लिहिलं तर उलट वाईट येतं, मधला वेग बरा.

कागदी स्टिकर! छान प्रिंट करून चिकटवलेला, लग्नवाल्या फोटोग्राफरांचा लाडका. जरा तिरका बसला की त्या वेगात डिस्क थरथरते, आणि आपल्या हवेत तो दमट होऊन फुगतो, कडा सुटतात. काढायला जाऊ नका मात्र. सीडीत डेटा वरच्या लाखेच्या लगेच खाली असतो, खालच्या चकचकीत बाजूकडून एक मिलिमीटरहून जास्त प्लॅस्टिक, वरून मात्र जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे स्टिकर ओढला की धातूचा थर सोलून येतो आणि तिथला डेटा कायमचा गेला. डीव्हीडीत थर दोन प्लॅस्टिकच्या मध्ये असतो, ती या बाबतीत सुरक्षित.

डीव्हीडीवरून आठवलं. सीडीचा लेसर 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा 650. घरी मारलेल्या सीडीचा रंग 650 ला नीट परावर्तनच देत नाही, म्हणून सुरुवातीचे डीव्हीडी प्लेयर आणि ड्राइव्ह सीडी-आर सरळ नाकारायचे, मग दोन लेसर घालायला लागले. म्हणजे एकाच ड्राइव्हमध्ये डीव्हीडी चालते आणि सीडी चालत नाही (किंवा उलट) असं झालं तर तो वेडेपणा नाही, दोनातला एक लेसर थकलाय. आणि री-रायटेबल सीडी-आरडब्ल्यू तर उजेडच फक्त 15 ते 25 टक्के परत देते, दाबलेली सीडी सत्तरच्या घरात, त्यामुळे म्हातारा ड्राइव्ह सगळ्यात आधी आरडब्ल्यू सोडतो.

विंडोज एक्सपीची एक वेगळीच भानगड. वाचताना टाइमआउट किंवा सीआरसीच्या (डेटा नीट पोचला का त्या तपासणीच्या) एकूण सहा चुका झाल्या की एक्सपी त्या ड्राइव्हचा डीएमए मोड (डेटा जलद नेण्याची पद्धत) टप्प्याटप्प्याने खाली आणत शेवटी पीआयओवर (सगळ्यात हळू पद्धतीवर) टाकायचं आणि नंतर आपणहून वर आणायचं नाही. म्हणजे एक ओरखडलेली सीडी लावली आणि त्यानंतर चांगल्या डिस्क पण रांगायला लागल्या, माउस अडकायला लागला, लोकांनी ड्राइव्ह बदलले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्ह ज्याला जोडलाय तो आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केला की झालं. जुना एक्सपीवाला डबा माळ्यावरून काढणार असाल तर हे आधी बघा.

हवेचं काय? 2001 मध्ये बेलीझहून आलेल्या एका सीडीवर स्पेनमधल्या शास्त्रज्ञांना जिओट्रिकम जातीची बुरशी सापडली, कडेने आत शिरून प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम दोन्ही खाल्लेलं. बेलीझ म्हणजे आपल्यासारखाच दमट उष्ण देश. तरी इथे डिस्कवर दिसणारी पांढरी जाळी बहुतेक वेळा वरवरचीच असते, साध्या पाण्याने आणि मऊ कपड्याने आतून बाहेर सरळ रेषेत पुसली की जाते (गोल गोल पुसू नका, ट्रॅकच्या दिशेचा ओरखडा सगळ्यात वाईट). खरा त्रास कडेने शिरणाऱ्या ओलीचा, धातूचा थर काळवंडतो. उजेडासमोर डिस्क धरा, टाचणीएवढी भोकं किंवा कडेला ढगाळ पट्टा दिसला तर ते धुऊन जाणार नाही. डेटा आतून बाहेर लिहिला जातो, म्हणून पूर्ण भरलेल्या डिस्कच्या शेवटच्या फाइल आधी जातात. डिचोली, उसगाव, साखळीकडे खाणी जोरात असताना लाल धूळ ड्राइव्हच्या लेन्सवर बसायची ते वेगळंच.

अजून एक, डिस्क बंदच केलेली नसणं, म्हणजे लिहून झाल्यावर शेवटची खूण न मारणं. पेन ड्राइव्हसारखं ओढून टाकायची सोय आधी डायरेक्टसीडी, इनसीडी या सॉफ्टवेअरनी आणि नंतर व्हिस्टाने दिली, आणि अशा डिस्क दुसऱ्या मशीनवर रिकाम्या दिसतात. ती मेलेली नाही, ज्यावर लिहिली त्या जातीचं सॉफ्टवेअर लागतं.

स्लो आहे म्हणजे खराबच असंही नाही. शेकडो फोटोंचा फोल्डर थंबनेल व्ह्यूमध्ये उघडला की विंडोज प्रत्येक फाइलकडे उडी मारतं आणि ऑप्टिकल ड्राइव्हला एका उडीला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो, धडधाकट डिस्क पण रांगेल. फोल्डर न उघडता एक मोठी फाइल सरळ हार्ड डिस्कवर कॉपी करून बघा. आवाज एकसारखा चढत गेला तर डिस्क ठीक, चढतो-पडतो-चढतो असं झालं तर त्याच दिवशी कॉपी काढा. हल्लीचे यूएसबीवाले पातळ ड्राइव्ह पुढच्या पोर्टवर किंवा हबवर लावले तर वीज कमी पडूनही असंच करतात, आधी मागच्या पोर्टला लावा.

विंडोजच्या एक्सप्लोररने कॉपी करत बसण्यात अर्थ नाही, पहिल्या एररला सगळं सोडतं. लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचणारा प्रोग्रॅम आधी सोपं ते उचलतो, अवघड तुकड्यांचा नकाशा ठेवतो, आणि तोच नकाशा घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेलं वाचता येतं, वेगळ्या कंपनीचा ड्राइव्ह बऱ्याचदा नेमकं तेच सेक्टर वाचतो जे पहिल्याला जमले नाहीत. लग्नाच्या व्हीसीडीला मात्र हे चालत नाही, तिचे व्हिडिओ सेक्टर 2048 चे नाहीत म्हणून तिथे नुसत्या एररच दिसतील. तिच्यासाठी आयसोबस्टर किंवा व्हीसीडीइमेजरमधलं व्हीसीडीएक्सरिप वापरा.