मोडल क्रियापदे (इंग्रजी) : शक्यता आणि बंधन

मुख्य क्रियापदाला लागून येणारी आणि ती क्रिया शक्य आहे, आवश्यक आहे, परवानगीची आहे की केवळ अंदाजाची आहे हे सांगणारी इंग्रजीतील साहाय्यक क्रियापदे. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट ही नऊ यांतली मुख्य. ऑट टू, नीड, हॅव टू यांसारखे प्रयोग त्यांच्या शेजारी बसतात, पण पूर्णपणे त्यांच्या पंगतीतले नाहीत. शाळेत यांना ‘मोडल ऑक्झिलरी’ म्हणतात. खानदेशातल्या, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतल्या, मराठी व अहिराणी बोलणाऱ्यांना ही क्रियापदे कशी दिसतात आणि कुठे अडवतात, याकडे या नोंदीत अधिक लक्ष दिले आहे.

व्याकरणाचा भाग थोडक्यात आटोपतो. या क्रियापदांना पुरुष-वचनाचा प्रत्यय लागत नाही, म्हणून ‘ही मस्ट गो’. ‘ही मस्ट्स गो’ नाही. पुढे ‘टू’ येत नाही, म्हणून ‘आय मस्ट टू गो’ चुकते. प्रमाण इंग्रजीत दोन मोडल एकापुढे एक येत नाहीत. ‘मी जाऊ शकेन’ यात ‘शकणे’ला भविष्यकाळ सहज लागतो, म्हणून मराठी मूल ‘आय विल कॅन गो’ लिहून मोकळे होते. तिथे ‘विल बी एबल टू’ म्हणावे लागते. स्कॉटलंडच्या आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बोलींत मात्र ‘माइट कुड’ अशी जोडी ऐकू येते.

खरा प्रश्न अर्थाचा आहे. एकच मोडल दोन वेगळी कामे करते. ‘ही मस्ट गो’ म्हणजे त्याला गेलेच पाहिजे : हे बंधन. ‘ही मस्ट बी ॲट होम’ म्हणजे तो घरीच असणार : हे अनुमान. पहिल्यात बोलणारा जगाला काहीतरी करायला लावतो आहे, दुसऱ्यात जगाकडे पाहून निष्कर्ष काढतो आहे. तर्कशास्त्रात कर्तव्याची आणि ज्ञानाची आवश्यकता वेगळी मांडण्याचे काम फिनलंडचे तत्त्वज्ञ गेऑर्ग हेन्रिक फॉन व्रिग्ट यांनी १९५१ मध्ये केले आणि पुढे व्याकरणकारांनी हीच विभागणी मोडल क्रियापदांसाठी उचलली. ही दुहेरी चाल इंग्रजीची खास खोड आहे असे वर्गात सांगितले जाते. ते बरोबर नाही. ‘तू अभ्यास केला पाहिजेस’ आणि ‘दिवा लागलाय, म्हणजे तो घरी असला पाहिजे’ ही दोन्ही वाक्ये रोजची मराठी आहेत. ‘पाहिजे’ हा शब्द ‘मस्ट’सारखाच दोन्हीकडे चालतो. खानदेशातल्या शिक्षकाने इथूनच सुरुवात केली तर निम्मे काम झालेले असते.

अंदाजाच्या पायऱ्याही मराठीत इंग्रजीइतक्याच बारीक आहेत. रावेरहून संध्याकाळी केळीचा ट्रक उत्तरेकडे निघाला आहे, चालक फोन उचलत नाही आणि अडतीवर बसलेल्या व्यापाऱ्याला विचारले जाते की गाडी कुठवर गेली. तो म्हणेल, ‘बऱ्हाणपूर सोडलंच असणार.’ खात्री थोडी कमी असेल तर ‘सोडलं असलं पाहिजे.’ नंतर ‘सोडलं असेल’, ‘सोडलं असावं’ आणि अगदी हात झटकायचे असतील तर ‘सोडलं असू शकतं, काय सांगावं.’ इंग्रजीत याच उतरणीवर ‘विल हॅव लेफ्ट’, ‘मस्ट हॅव लेफ्ट’, ‘शुड हॅव लेफ्ट’, ‘मे हॅव लेफ्ट’ आणि ‘माइट हॅव लेफ्ट’ येतात. ‘शुड’मध्ये बोलणाऱ्याचा हिशेब असतो : नेहमीच्या वेगाने गेली असेल तर सोडलेच असावे. पण ‘शुड हॅव लेफ्ट’ला आणखी एक अर्थ आहे, ‘एव्हाना सोडायला हवं होतं’, आणि त्यात नाराजी आहे. कोणता अर्थ घ्यायचा ते मागच्यापुढच्या वाक्यावरून ठरते. ‘मे’ आणि ‘माइट’ यांतले अंतर आजच्या बोलण्यात फारसे उरलेले नाही. माइट किंचित दूरची शक्यता सांगतो एवढेच.

अहिराणीत हा अंदाज एका छोट्या शब्दात मावतो. ‘आते तो वावरमा व्हई’ म्हणजे आता तो शेतात असेल. ‘व्हई’ हे रूप भविष्यकाळाचे, पण गोष्ट आत्ताची. इंग्रजीतले ‘दॅट विल बी द पोस्टमन’ हे वाक्य नेमके असेच चालते : दार वाजते आहे, पोस्टमन असेल. भविष्यकाळ वापरून वर्तमानाचा अंदाज करायचा ही रीत वर्गातल्या मुलाच्या घरात आहेच, फक्त ती व्याकरणाच्या पुस्तकात कोणी दाखवत नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशी १९०७ च्या भागात भिल्ली बोलींबरोबर ठेवली होती, मराठीच्या खंडात नव्हे. ते वर्गीकरण कोणाला पटो न पटो, अहिराणीला स्वतःची व्याकरणव्यवस्था आहे एवढे तरी त्यावरून ध्यानात येते.

बंधनाच्या बाबतीत मात्र इंग्रजीची मांडणी आपल्या भाषांहून वेगळी आहे. इंग्रजीत ‘आय मस्ट गो’ म्हणताना ‘आय’ कर्ताच राहतो. मराठीत ‘मला जावं लागेल’, अहिराणीत ‘मले जानं पडी’ : बंधन माणसावर येऊन पडते आणि माणूस चतुर्थीत जातो. आपल्याकडची मुले ‘आय मस्ट’ लिहिताना अडखळत नाहीत, पण त्यातला जोर त्यांना जाणवत नाही. ‘मस्ट’ बहुधा बोलणाऱ्याच्या स्वतःच्या अधिकारातून किंवा निश्चयातून येतो. ‘हॅव टू’ बाहेरून येतो : नियम, साहेब, गाडीची वेळ. ‘जावं लागतं’ हे ‘हॅव टू’च्या जवळचे, ‘गेलं पाहिजे’ हे ‘मस्ट’च्या जवळचे आणि ‘जायला हवं’ किंवा ‘जावं’ हे ‘शुड’च्या जवळचे. या जोड्या काटेकोर नाहीत, पण भुसावळहून सकाळची गाडी धरून कामावर जाणारा माणूस ‘मला पाचला उठावं लागतं’ म्हणतो तेव्हा तिथे ‘हॅव टू’च हवे, यात शंका नाही.

शब्दांचा इतिहास पाहिला की ही जवळीक आणखी वाढते. ‘शॅल’ आणि ‘ऑट’ हे दोन्ही मुळात ऋणाचे शब्द : जुन्या इंग्रजीत ‘शॅल’चा पूर्वज ‘देणे असणे’ या अर्थी होता आणि ‘ऑट’ हे ‘ओ’ या क्रियापदाचे, म्हणजे देणे लागण्याचे, भूतकाळी रूप. आपण ‘मी त्याचं काही देणं लागत नाही’ म्हणतो आणि त्याच ‘लागणे’ने ‘जावं लागतं’ही म्हणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता कर्ज आणि कर्तव्य यांना एकाच धाग्यात ओवले आहे. ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘माहीत असणे’, ‘मे’चा ‘बळ असणे’. ‘मस्ट’ हे स्वतःच एका जुन्या क्रियापदाचे भूतकाळी रूप. म्हणून त्याला आता वेगळा भूतकाळ नाही आणि ‘काल जावं लागलं’साठी ‘हॅड टू’ वापरावे लागते.

नकारात मात्र चूक महागात पडते. ‘मस्ट’ला ‘नॉट’ जोडले तर ‘करता कामा नये’. ‘हॅव टू’ला नकार जोडला तर ‘करण्याची गरज नाही’. कपाशीवर फवारणी करताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, कारण औषध अंगावर येते. हे इंग्रजीत लिहायचे तर ‘यू मस्ट नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड’. एखाद्याने ‘यू डोन्ट हॅव टू स्प्रे अगेन्स्ट द विंड’ लिहिले तर अर्थ होतो, वाऱ्याविरुद्ध फवारायची सक्ती नाही, फवारायचे तर फवारा. फळ्यावर ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहिली की वर्गात काही क्षण शांतता पसरते. ज्यांच्या घरी पाठीवर पंप घेऊन कोणीतरी उतरते त्यांना फरक आधी कळतो. गोंधळाचे कारण मराठीतच आहे : ‘तुला यायला नको’ यात ‘गरज नाही’ आणि ‘येऊ नकोस’ या दोन्ही छटा येऊ शकतात. ‘लागत नाही’, ‘नये’ आणि ‘करता कामा नये’ हे तीन प्रयोग वेगळे ठेवून शिकवले की घोळ उरत नाही. अनुमानाचा नकार मात्र सोपा आहे : ‘ही कान्ट बी ॲट होम’ म्हणजे ‘तो घरी असूच शकत नाही’, शब्दाला शब्द.

‘कॅन’ची अडचण उलट्या बाजूने येते. ‘मला पोहता येतं’ हे शिकलेले कौशल्य, ‘आता मला पोहवत नाही’ ही अंगातली ताकद संपल्याची कबुली आणि ‘आज नदीला पूर आहे, पोहू शकत नाही’ हा परिस्थितीचा अडसर. मराठी व्याकरण यातल्या दुसऱ्याला शक्य क्रियापद असे वेगळे नाव देते. इंग्रजीत तिन्हीकडे ‘कॅन’. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारे आजकाल सगळीकडे ‘शकतो’ टाकतात आणि ‘ती चांगली गाऊ शकते’ अशी वाक्ये तयार होतात. ‘तिला चांगलं गाता येतं’ हेच खरे मराठी.

परवानगीचा ‘मे’ हा खानदेशातल्या कोणत्याही शाळेत व्याकरणाआधी पोहोचलेला मोडल आहे : ‘मे आय कम इन, सर?’ राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले, त्याआधीही हे वाक्य वर्गाच्या दारात उभे होतेच. बारावीच्या परीक्षेत ‘सक्ती दाखवणारे मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहा’ असा प्रश्न येतो. त्यामुळे ‘सक्ती म्हणजे मस्ट, सल्ला म्हणजे शुड’ असे कोष्टक पाठ होते. गुण मिळतात, पण ‘मस्ट’ अंदाजासाठीही येतो हे मूल विसरते.

कार्यालयीन लेखनात वेगळीच भानगड होते. तहसिलीत द्यायच्या अर्जात आपण ‘पंचनामा करण्यात यावा’ लिहितो. हा ‘यावा’ विनंतीचाही असतो, आज्ञेचाही. त्याचे इंग्रजी करताना ‘मे बी डन’ लिहिण्याची भारतात जुनी सवय आहे. इतर इंग्रजी वाचकाला मात्र त्यातून ‘केला जाईलही, किंवा करायला हरकत नाही’ एवढेच कळते. विमा किंवा अनुदानाच्या कागदावर ‘दावा मे बी रिजेक्टेड’ असेल तर नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे, ‘शॅल बी रिजेक्टेड’ असेल तर तो नाकारला जाणारच. वादळात केळी आडवी झालेल्या शेतकऱ्याने सही करण्याआधी हा एक शब्द बोट ठेवून वाचावा.

कायद्यातला ‘शॅल’ भविष्यकाळ सांगत नाही, तो बंधन घालतो. संविधानातील मूलभूत कर्तव्यांचा ५१-क हा अनुच्छेद १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आला. त्याची सुरुवात ‘इट शॅल बी द ड्यूटी’ अशी आहे. तरीही न्यायालये संदर्भ पाहून कधी ‘मे’चा अर्थ ‘शॅल’ असा घेतात, कधी उलट. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानात ‘शॅल’ऐवजी ‘मस्ट’ वापरला आहे. एकूण वापरात मात्र ‘मस्ट’च मागे सरकतो आहे : १९६१ आणि १९९१ सालच्या ब्रिटिश छापील मजकुराची तुलना केल्यावर मस्ट, शॅल आणि मे कमी झालेले, तर ‘नीड टू’सारखे प्रयोग वाढलेले आढळले. कायद्याच्या मराठीत ‘शॅल’साठी भविष्यकाळच येतो, ‘असेल’ किंवा ‘राहील’. वावरात अंदाजाचा असलेला ‘व्हई’चा भाऊ ‘असेल’ कायद्याच्या पानावर हुकूम होतो.