सुधा चंद्रन

भरतनाट्यम नर्तकी, चित्रपट अभिनेत्री आणि हिंदी व तमिळ मालिकांमधील गाजलेली खलनायिका. 1981 मध्ये अपघातानंतर त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि ही कहाणी शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचली. मात्र त्यांची दूरचित्रवाणीवरील दीर्घ कारकीर्द त्या कहाणीच्या बळावर उभी नाही. घरोघरी त्या ओळखल्या गेल्या त्या टिकलीमुळे, डोळ्यांमुळे आणि आवाजातल्या धारेमुळे. त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत हा भाग शेवटच्या दोन ओळींत उरकला जातो.

त्या मुंबईत वाढल्या. घर दाक्षिणात्य, वडील के. डी. चंद्रन हेही पुढे हिंदी चित्रपट आणि मालिकांमधून चरित्र अभिनेते म्हणून परिचित झाले. नृत्याचे शिक्षण लहानपणीच सुरू झाले, महाविद्यालयीन शिक्षण मिठीबाईत झाले. मे 1981 मध्ये आईवडिलांसोबत देवदर्शनाला गेल्या असताना तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ त्यांच्या बसला अपघात झाला. घोट्याजवळची जखम तशी मोठी नव्हती. पण ती नीट साफ न होता वर प्लास्टर चढले, आत गँगरीन, म्हणजे मांस कुजण्याचा विकार, पसरले आणि पाय वाचवता आला नाही. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या आसपास होत्या.

त्याच वर्षी जयपूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. त्याविषयी मासिकात वाचून सुधा यांनी त्यांना गाठले. जयपूर फूट हा सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी सवाई मानसिंह रुग्णालयात 1960 च्या दशकाच्या अखेरीस घडवलेला पाय. परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय बूट घालून, खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी केलेले असत. आपल्याकडे माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलातून अनवाणी चालतो. म्हणून हा पाय रबराचा, आत हलके स्पंजसारखे रबर आणि लाकूड घालून, साच्यात तापवून केलेला. घोट्यात सगळीकडे लवणारा आणि दिसायलाही पायासारखा. अनवाणी नाचणाऱ्या मुलीसाठी यातली प्रत्येक गोष्ट मोलाची होती.

तरीही नृत्य म्हणजे नुसते चालणे नव्हे. भरतनाट्यमात गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बैठकीत, म्हणजे अरैमंडीत, राहायचे आणि त्याच स्थितीत तळवा सपाट आपटायचा. तो आघात कृत्रिम पायात थेट उरलेल्या हाडाच्या टोकावर येतो आणि कातडी सोलवटून रक्त येऊ लागते. सुधा तक्रार घेऊन परत गेल्या, तेव्हा सेठींनी त्यांच्या पदन्यासाचा बारकाईने अभ्यास करून पाय नव्याने बेतला, असे सांगितले जाते. जानेवारी 1984 मध्ये मुंबईत त्यांचा पुनरागमनाचा कार्यक्रम झाला. त्या रात्री वडिलांनी आपल्या पायांना हात लावला, ही आठवण त्या आजही मुलाखतींतून सांगतात.

वर्तमानपत्रांतून ही बातमी निर्माते रामोजी राव यांच्यापर्यंत गेली. सिंगीतम श्रीनिवास राव दिग्दर्शित 'मयूरी' (1985) या तेलुगू चित्रपटात सुधा यांनी स्वतःचीच भूमिका केली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी 'नाचे मयूरी' हा हिंदी अवतार आला. अशा आरंभाचा एक तोटा असतो. ज्या अभिनेत्रीची पहिली भूमिका तिचे स्वतःचे आयुष्य असते, तिला दुसरी भूमिका काय द्यायची, हा प्रश्न निर्मात्यांना पडतो. नंतरची वर्षे दक्षिणेतील आणि हिंदी चित्रपटांत लहानमोठ्या कामांत गेली. 'अंजाम' (1994) मध्ये त्या माधुरी दीक्षितच्या बहिणीच्या भूमिकेत होत्या. त्याच वर्षी त्यांनी सहायक दिग्दर्शक रवी डांग यांच्याशी विवाह केला.

खरे वळण 2001 मध्ये आले. 'स्टार प्लस'वर एकता कपूर यांच्या बालाजी टेलिफिल्म्सची 'कहीं किसी रोज' ही रहस्यमालिका सुरू झाली आणि रमोला सिकंद ही कारस्थानी सासू प्रेक्षकांच्या डोक्यात बसली. भरजरी साड्या, ठसठशीत दागिने आणि कपाळावर रोज नवी नक्षी. साप, नागमोडी रेघा, भुवयांच्या वर चढणारी टोके अशा त्या टिकल्यांची बायकांमध्ये कथानकाइतकीच चर्चा होत असे. तेव्हाच्या मालिकांचे तंत्रच चेहऱ्यावर चाले: धाडकन संगीत, एकाच चेहऱ्यावर तीनतीनदा झेपावणारा कॅमेरा, मग दुसऱ्याच्या चेहऱ्यावर. भरतनाट्यमात कसलेली नजर आणि भुवई इथे पुरेपूर कामी आली. रमोलाला नकली पाय नव्हता, तिला सहानुभूती नको होती आणि प्रेक्षकानेही ती दिली नाही. तो तिला मनापासून शिव्या घालत होता. अपंग कलाकाराला अपंगत्वाशी संबंध नसलेली, तीही इतकी पाजी भूमिका मिळणे आपल्या दूरचित्रवाणीवर तेव्हा दुर्मीळ होते, आजही फारसे सरसकट नाही.

2007 मध्ये 'झलक दिखला जा'च्या दुसऱ्या पर्वात त्या स्पर्धक म्हणून उतरल्या. तमिळमध्ये विजय वाहिनीवरील 'दैवम तंद वीडु' या मालिकेतील चित्रादेवी हीदेखील जरब असलेली सासूच. 'कलर्स'वरील 'नागिन' (2015) मध्ये त्या यामिनी होत्या. मालिका सर्पकथेची असली, तरी यामिनीचा विखार माणसाचा होता. 'दंगल' वाहिनीवरील 'क्राइम अलर्ट'चे सूत्रसंचालनही त्यांनी केले.

ऑक्टोबर 2021 मध्ये मात्र पाय पुन्हा बातमीत आला. विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, स्फोटकांचा माग काढणाऱ्या यंत्राने तपासा अशी विनंती करूनही ऐकले जात नाही, असे सांगणारी चित्रफीत त्यांनी समाजमाध्यमावर टाकली. ज्येष्ठ नागरिकांना तसे ओळखपत्र द्या, अशी मागणी त्यांनी थेट पंतप्रधानांकडे केली. असा पाय काढणे म्हणजे बूट काढणे नव्हे. कपडे सैल करून सॉकेटमधून, म्हणजे कृत्रिम पायाच्या खोबणीतून, उरलेला पाय सोडवावा लागतो आणि पुन्हा तो नीट बसवावा लागतो. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली आणि कृत्रिम अवयव केवळ अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगावा असा नियम असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे नियम आधीपासून होता. तपासणीच्या रांगेत तो पोहोचला नव्हता. चित्रफितीनंतर अनेक कृत्रिम अवयवधारकांनी असेच अनुभव मांडले. 'नाचे मयूरी'च्या नायिकेला हे सोसावे लागते, तर अनोळखी प्रवाशाचे काय, असा सूर त्या चर्चेत होता.

पुढच्या वर्षी 'नागिन'च्या सहाव्या पर्वात त्या सीमा गुजराल बनून आल्या.