तडे दिसले म्हणजे पेशवाई नव्हे

नाशिकच्या जुन्या वाड्यांतल्या काचेच्या कपाटात चिनीमातीची एखादी गोरी मडम उभी असतेच. आणि ‘अंगावर बारीक तडे आहेत बघा, म्हणजे पेशव्यांच्या काळची,’ असं ठणकावून सांगणारे एखादे काकाही. पण तड्यांवरून वय कळत नाही. आतली माती आणि वरची झिलई भट्टीतून निघाल्यावर सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून ते जाळं पडतं. कधी भट्टीतून निघतानाच, कधी काही वर्षांनी, ओल शोषून. चहाचं पाणी मुरवून ते मुद्दाम जुनाट करणारेही आहेत!

बाहुली उलटी करा. भद्रकालीतल्या एका घरी मी तेच केलं. तळाशी झिलईखाली पुसट लाल शिक्का: ‘मेड इन जपान’. पेशवाई बुडाली 1818 मध्ये. देशाचं नाव इंग्रजीत छापण्याची सक्ती अमेरिकेने आयात मालावर केली 1891 पासून. जपानी माल तेव्हा ‘निप्पॉन’ (जपानचं जपानी नाव) म्हणून जाई, ‘जपान’ लिहिणं भाग पडलं ते 1921 पासून. ‘ऑक्युपाइड जपान’, म्हणजे परक्या सैन्याच्या ताब्यातला जपान, असं असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, 1952 पर्यंतची.

काकांचा चेहरा उतरला. मडम मात्र पुन्हा कपाटात, त्याच जागी.