रोध वाढला की शक्ती वाढते की घटते?

दहावीच्या विज्ञानात दोन सूत्रं जवळजवळ येतात. शक्ती = करंटचा वर्ग × रोध (म्हणजे करंटला होणारा अडथळा), आणि शक्ती = व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध. पहिल्यानुसार रोध वाढला की शक्ती वाढते, दुसऱ्यानुसार घटते. मुलं दोन्ही पाठ करतात, उदाहरणं बरोबर सोडवतात, पण यातलं खरं कुठलं, हे विचारायचं राहूनच जातं.

खरं म्हणजे दोन्ही एकाच घरची. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट आणि रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, एवढ्यातून दोन्ही निघतात. फक्त आधी बघायचं की जागेवर कोण थांबलंय, म्हणजे कोण बदलत नाही, व्होल्टेज की करंट.

घरात व्होल्टेज थांबलेलं असतं. सगळी उपकरणं समांतर जोडलेली, प्रत्येकाला २३० व्होल्ट. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर ओढतो, म्हणजे त्याचा रोध सुमारे २६ ओहम. पाणी तापवायच्या १००० वॅटच्या रॉडचा जवळपास ५३. रोध कमी, शक्ती जास्त: इथे दुसरं सूत्र.

आता जुने पिवळे दिवे घ्या, एक ४० वॅटचा, एक १०० चा. पेटलेले असताना रोध अनुक्रमे सुमारे १३२३ आणि ५२९ ओहम. (विझलेल्या १०० च्या दिव्याला मल्टिमीटर लावलात तर पन्नासच्याही खाली आकडा दिसेल. मीटर बिघडलेला नाही, गार तारेचा रोधच तेवढा असतो.) हे दोघे एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडले की करंट दोघांतून एकच जातो आणि पहिलं सूत्र लागू होतं. ४० चा छान उजळतो, १०० चा जेमतेम लालसर होतो. वर्गात हा प्रयोग एकदा तरी दाखवायलाच हवा.

पण माझा खरा जीव अडकलाय तो गीझरच्या प्लगमध्ये. आमच्या घरी तो एकदा काळा पडून वितळला होता. सॉकेटमध्ये पिन सैल बसली की तिथे थोडा रोध तयार होतो, समजा अर्धा ओहम. दुसरं सूत्र घेऊन २३० चा वर्ग अर्ध्याने भागला तर लाखावर वॅट येतात, आणि ते अशक्य आहे. चूक व्होल्टेजमध्ये आहे: २३० त्या सांध्यावर नसतातच, सांध्याच्या वाट्याला सव्वाचार व्होल्ट येतात. करंट मात्र गीझरने ठरवलेला, साडेआठ अँपिअर. त्याचा वर्ग गुणिले अर्धा, सुमारे ३६ वॅट. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नवर सोल्डर (तारा जोडायचा धातू) वितळतं, आणि इथे ३६ वॅट प्लॅस्टिकच्या आत कोंडलेले. त्याच सैल सॉकेटात ०.१ अँपिअर ओढणारा मोबाइलचा चार्जर लावा, उष्णता एक शतांश वॅटही होत नाही. म्हणून ‘चार्जर तर नीट चालतो’ म्हणजे सॉकेट चांगलं, असं धरू नका. गीझर बंद करून, थोडं थांबून प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, पण चटका बसला तर सॉकेट त्याच दिवशी बदलून घ्या.