स्क्रिप्ट तुमच्या स्विचला काय विचारते आणि काय बदलते

नेटवर्कची देखभाल आमच्याकडे सोपवताना जवळपास प्रत्येक ग्राहक एकदा तरी विचारतो, "तुमची स्क्रिप्ट रात्री आमच्या स्विचमध्ये शिरून नेमकं करते काय?" स्क्रिप्ट म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, आणि स्विच म्हणजे तुमची यंत्रं नेटवर्कला जोडणारी पेटी. प्रश्न रास्त आहे. मुख्य स्विच अडला की फोन, बिलिंग, कॅमेरे सगळं एकदम थांबतं. त्याचं लॉगिन दुसऱ्याच्या हाती देताना मनात धाकधूक होणारच, म्हणून हे पत्रक.

पहिली गोष्ट म्हणजे स्क्रिप्टचं बहुतेक काम वाचण्याचं असतं. बदल क्वचित होतो, आणि तोही तुमच्या लेखी होकारानंतरच.

लायब्ररी कशाला लागते

स्विचची कमांड लाइन माणसासाठी बनलेली आहे. कमांड दिली की मजकूर येतो, स्क्रीन भरली की तो मध्येच थांबतो आणि कळ दाबली की पुढे सरकतो. कमांड संपली हे प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड मागणारी खूण, परत दिसल्यावर कळतं. आपल्या डोळ्यांना हे सहज उमगतं, पण कच्ची स्क्रिप्ट तिथेच अडखळते. अर्धवट मजकूर हाती घेऊन ती पुढे निघून जाते आणि चुकीचा निष्कर्ष काढते.

हे काम आम्ही 'नेटमिको' या पायथन लायब्ररीवर, म्हणजे पायथन भाषेतल्या तयार कोडच्या संचावर, सोपवतो. कर्क बायर्स यांनी ती 'पॅरामिको' या एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करण्याची पद्धत) लायब्ररीच्या पायावर बांधली आहे. ती लॉगिन करते, मजकूर पानापानांनी थांबणं बंद करते, प्रॉम्प्ट येईपर्यंत वाट बघते आणि पूर्ण उत्तर आणून देते. ते उत्तर अजून नुसता मजकूरच असतो. त्यातून पोर्ट (केबल लावायची जागा), वेग, व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) असे रकाने वेगळे करायला 'टेक्स्टएफएसएम'चे साचे वापरतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकाच रॅकमध्ये असतील तर 'नेपाम' ही लायब्ररी जास्त सोयीची पडते. सिस्को, अरिस्टा, ज्युनिपर यांना एकच प्रश्न विचारला तरी उत्तर एकाच घडणीत मिळतं, त्यामुळे तुमचा अहवाल वाचताना कंपनीगणिक वेगळी भाषा शिकावी लागत नाही.

नव्या स्विचमध्ये याहून चांगली सोय असते. २००२ साली इंटरनेटची मानकं ठरवणारी मंडळी आणि नेटवर्क चालवणारी माणसं एकत्र बसली होती. एसएनएमपी, म्हणजे यंत्रांना त्यांची स्थिती विचारण्याची पद्धत, नजर ठेवायला ठीक आहे, पण कॉन्फिगरेशन (यंत्राच्या सेटिंग्ज ठरवणं) करायला नाही, असं चालवणाऱ्यांनी तिथे स्पष्ट सांगितलं. पुढे कॉन्फिगरेशनसाठीच बनलेलं नेटकॉन्फ आलं. त्याचं मानक २००६ मध्ये निघालं आणि २०११ मध्ये सुधारलं गेलं. ज्या स्विचमध्ये सोय आहे तिथे बदल आधी कच्च्या प्रतीत लिहिता येतो आणि तपासून मगच लागू करता येतो. तुमच्या स्विचमध्ये हे असेल तर आम्ही तेच वापरतो.

वाचण्यातच निम्मा आजार सापडतो

"इंटरनेट चालतंय, पण मोठी फाइल पाठवली की रांगत जाते." ही तक्रार आली की आमचा पहिला संशय डुप्लेक्सवर, म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात ('फुल') की आळीपाळीने ('हाफ') यावर, जातो. कधीकाळी कुणीतरी १०० एमबीपीएसच्या पोर्टवर 'फुल डुप्लेक्स' पक्कं करून ठेवलेलं असतं आणि पलीकडचं यंत्र 'ऑटो'वर असतं. ऑटोवाल्याला समोरून बोलणीच होत नाहीत, म्हणून तो हाफ डुप्लेक्स धरून बसतो. मग एक बाजू बोलत असताना दुसरीही बोलते. हाफच्या बाजूला 'लेट कोलिजन' (उशिराने होणाऱ्या टकरी) वाढतात, फुलच्या बाजूला सीआरसी चुका (वाटेत बिघडलेला डेटा). पिंग (छोटा चाचणी संदेश) मात्र नीट येतं, त्यामुळे सगळे केबलला दोष देत बसतात.

एकेक पोर्ट हाताने बघायचं तर दिवस जातो. स्क्रिप्ट सगळ्या स्विचचे सगळे पोर्ट एका फेरीत वाचते आणि हाफ डुप्लेक्सवर चाललेले पोर्ट वेगळे काढून देते.

चुकांचा आकडा मात्र आम्ही एकदाच वाचून कधी निष्कर्ष काढत नाही. पोर्टवर चाळीस हजार चुका दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही, त्या दोन वर्षांपूर्वीच्या सैल केबलच्याही असू शकतात. स्क्रिप्ट थोड्या अंतराने पुन्हा वाचते आणि आम्ही फरक बघतो. फरक वाढत असेल तर आजार आजचा आहे. असाच एक बारकावा रहदारी मोजतानाही येतो. जुना ३२ बिटांचा मोजणी आकडा १ जीबीपीएसच्या भरलेल्या पोर्टवर साधारण ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचला तर तो निव्वळ दिशाभूल करतो. म्हणून आम्ही ६४ बिटांचाच आकडा घेतो.

बदल करताना

इथे एक अनुभव सांगायलाच हवा, कारण आमची आजची पद्धत त्यातून आली. एका ग्राहकाच्या दोन स्विचमधल्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन १०, २० आणि ३० जात होते. त्यात ४० वाढवायचा होता. आमच्या स्क्रिप्टने 'ट्रंकवर मान्य व्हीलॅन ४०' अशी कमांड दिली, मधला 'ॲड' हा शब्द राहून गेला. अनेक स्विचमध्ये त्या शब्दाशिवाय जुनी यादी पुसली जाते आणि नवीच उरते. ट्रंकवर फक्त ४० राहिला. स्विचचं स्वतःचं व्यवस्थापन व्हीलॅन १० वर होतं, त्यामुळे आमचं लॉगिनही त्याच क्षणी तुटलं. स्क्रिप्ट प्रॉम्प्टची वाट बघत राहिली आणि मजल्यावरचे लोक काम थांबवून बसले. बदल सेव्ह झालेला नव्हता, म्हणून कुणीतरी जाऊन स्विच बंद-चालू केल्यावर जुनं कॉन्फिगरेशन परत आलं. त्या लोकांचा जो वेळ गेला त्याची जबाबदारी आमची होती, आणि तो प्रसंग आम्ही विसरलेलो नाही.

तेव्हापासून कोणतीही यादी बदलण्याआधी स्क्रिप्ट ती वाचते, बदलानंतर ती कशी दिसायला हवी हे आधी लिहून काढते आणि दोन्हींतला फरक आम्ही तुम्हाला पाठवतो. त्यात एखादी ओळ कमी होताना दिसली तर काम तिथेच थांबतं. तुमचा होकार आला की आधी पूर्ण कॉन्फिगरेशनची प्रत घेतो. मग परतीची वाट बांधतो. काही स्विचना 'दहा मिनिटांनी रीस्टार्ट हो' असं आधीच सांगून ठेवता येतं, ज्युनिपरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' असतं. आमचा संपर्क तुटला तर स्विच आपोआप जुन्या स्थितीवर येतो. सगळं नीट चालतंय हे पुन्हा वाचून पटलं की ती वेळ रद्द करतो आणि मगच बदल सेव्ह करतो. सेव्ह करणं शेवटी ठेवण्यामागे हेच कारण आहे.

एकाच वेळी सगळ्या स्विचवर बदल आम्ही करत नाही, मग कुणी कितीही घाई करो. आधी एक स्विच, तोही कमी महत्त्वाचा. स्क्रिप्ट चांगलं काम जितक्या वेगाने पसरवते तितक्याच वेगाने चूकही पसरवते.

तुमच्याकडून काय हवं

दोन वेगळी खाती बनवून द्या, एक फक्त वाचण्याचं आणि एक बदलाचं. बदलाचं खातं काम नसताना बंद ठेवलंत तर आम्हाला उलट बरंच वाटेल. पासवर्ड आम्ही स्क्रिप्टच्या फाइलमध्ये लिहीत नाही, तो कुलूपबंद तिजोरीवजा प्रणालीतून त्या क्षणापुरता घेतला जातो. स्विचवर टेलनेट ही लॉगिनची जुनी पद्धत चालू असेल तर ती बंद करून एसएसएच सुरू करावं लागेल, कारण टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो. एसएनएमपी वापरत असाल तर आवृत्ती ३ घ्या, आधीच्या आवृत्त्यांत तीच अडचण आहे.

ज्या पोर्टला हात लावायचाच नाही त्यांची यादी आम्हाला द्या. कारण सांगायची गरज नाही. ती यादी स्क्रिप्ट सगळ्यात आधी वाचते आणि त्या पोर्टवरचा बदल नाकारते. कॉन्फिगरेशनच्या सगळ्या प्रती आणि तुमच्यासाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट तुमच्या मालकीच्या आहेत. उद्या दुसऱ्या कुणाकडे काम दिलंत तरी त्या तुम्हाला मिळतील.

आणि बदलाच्या ठरलेल्या वेळी रॅकची चावी आणि कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची केबल) हाताशी असलेला एक माणूस जागेवर ठेवा. आम्ही फोनवर त्याच्यासोबत काम संपेपर्यंत असतो.